कारण लेखी द्यावे

तळकोकणातल्या एका वाडीत आबांची बंदूक सगळ्यांना ठाऊक होती. ठासणीची, लांब नळीची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. आश्विनात भात कापणीला आलं की आबा रात्री मांगरात राखणीला बसत. डोंगरातून रानडुकरांचा कळप उतरल्याची चाहूल लागली की दारू ठासायची, केप चढवायची आणि एक बार काढायचा. कळप आल्या वाटेनं परत. त्या बंदुकीनं एखादं डुक्कर पडल्याचं वाडीत कुणाला आठवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन खात्याच्या परवानगीवाचून ते करताही येत नाही, आणि आबांना त्याची गरजही नव्हती. त्यांचं काम आवाजावर भागत होतं.

2023 च्या पावसाळ्यात आबा वारले. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. तेराव्यानंतर थोरल्या मुलानं, तात्यानं, बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली आणि वारस म्हणून परवाना आपल्या नावे मिळावा असा अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी देऊन आला. 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. पोलिसांनी अहवाल 30 दिवसांत द्यावा आणि तो आल्यावर परवाना अधिकाऱ्यानं 60 दिवसांत निर्णय घ्यावा, अशी मुदतही त्याच नियमांत घातली आहे. तात्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या दसऱ्यापर्यंत काम होईल, असं धरून तो चालला होता.

अधूनमधून तो जिल्ह्याच्या ठिकाणी चक्कर टाकी. गृह शाखेतला कारकून मान वर न करता सांगे, "प्रोसेसमध्ये आहे." पुढे तो कारकून बदलून गेला. नवा आला, त्याचंही उत्तर तेच. मार्च 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. त्या काळात नवे परवाने देणं बंद असतं, उलट ज्यांच्याकडे शस्त्रं आहेत तेच ती जमा करायला ठाण्यापुढे रांग लावतात. जूनमध्ये निकाल लागले, पाऊस सुरू झाला, आणि ऑक्टोबरात ऐन कापणीच्या तोंडावर विधानसभेची आचारसंहिता आली. तात्या रिकाम्या हातानं परतला तेव्हा बायकोनं विचारलं, "आपली फायल मत देऊक गेलेली काय?"

डुकरांना आचारसंहिता नव्हती. त्या वर्षी दोन रात्रींत खालचे दोन कुणगे लोळवून गेले. पत्र्याचे डबे वाजवून झाले, पलिते पेटवून झाले. वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक येऊन संयुक्त पंचनामा करून गेले. भरपाईचा अर्ज गेला, पण तांदळाची कणगी अर्धी राहिली ती राहिलीच.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गावचा एक जण संध्याकाळी येऊन बसला. परवान्याच्या नादाला लागू नकोस, म्हणाला. एक गावठी बंदूक आहे, रातोरात आणून देतो, कुणाला कळायचं नाही. तात्यानं त्याला लगेच नाही म्हटलं नाही. चहा पाजला, किंमत विचारली. मुलगी कॉलेजातून आली होती. ती आतून म्हणाली, "बाबा, बिनपरवाना हत्यार सापडला तर कमीत कमी दोन वर्सां. मगे परवानो तर जल्मात नाय." पाहुणा चहा संपवून उठला. दुसऱ्या दिवशी मुलगीच बापाला घेऊन भाऊंकडे गेली.

भाऊ म्हणजे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. आयुष्यभर आवक-जावकेच्या नोंदवह्यांत वावरलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "इतक्या दिवसांत कागदावर काय इचारलंस?"

तात्यानं कागदावर काहीच विचारलं नव्हतं. अर्जाची पोचसुद्धा सापडायला अर्धा तास लागला.

"तोंडान इचारलंस, तेंनी तोंडान सांगल्यानी. फिटांफिट झाली," भाऊ म्हणाले, आणि मुलीला कागद घ्यायला सांगितलं. माहितीच्या अधिकाराखालचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. मागणी तीनच गोष्टींची: पोलीस अहवाल कोणत्या तारखेला आला, फाइल आज कोणत्या टेबलावर आणि कधीपासून आहे, अर्जदाराकडून काही यायचं बाकी आहे काय. आरोप नाही, विनवणी नाही. तात्याला त्यात डुकरांबद्दल चार ओळी घालायच्या होत्या. भाऊंनी घालू दिल्या नाहीत.

महिन्याच्या आत उत्तर आलं. पोलीस अहवाल अर्जानंतर महिनाभरातच पोचला होता. फाइल अडली होती ती वेगळ्याच कारणानं. आबांच्या मुलीचं, म्हणजे तात्याच्या बहिणीचं, ना हरकत शपथपत्र अर्जासोबत नव्हतं. ते मागणारं पत्र कार्यालयानं वेळेवर धाडलं होतं, पण पाकिटावर नाव-पत्ता जुन्या परवान्यावरून उतरवला गेला. पोस्टमननं 'घेणारा मयत' असा शेरा मारून पाकीट परत केलं आणि ते इमानदारीत फाइलला लागलं. वर्षभर फाइल आबांच्या उत्तराची वाट पाहत थांबली होती.

तात्याला रडावं की हसावं कळेना. डोंबिवलीहून बहिणीनं शपथपत्र पाठवलं, तात्यानं ते नेऊन दिलं आणि या वेळी पोच घेतली. काही आठवड्यांत आदेश आला. आदेश एका ओळीचा होता: पोलीस अहवाल प्रतिकूल असल्यानं आणि सार्वजनिक शांततेच्या दृष्टीनं अर्ज नामंजूर.

आता मात्र तात्याचं डोकं फिरलं. मेहुण्याच्या ओळखीचा कुणी मुंबईत कुणाचा तरी स्वीय सहायक होता. त्याला गाठायला तो निघालाच. बॅग खांद्याला, गाडीचं तिकीट खिशात. वाटेत भाऊंच्या अंगणात टेकला, कारण आदेश त्यांना दाखवल्याशिवाय राहवेना.

भाऊंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. "उत्तर शोधूक मुंबैक चललंस. प्रश्न काय तो तुका ठावक आसा?"

"प्रतिकूल म्हणतत."

"म्हंजे काय?"

तात्याला सांगता येईना. ते त्या ओळीत नव्हतंच.

भाऊंनी मग त्याला कायदा समजावला. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 14 मध्ये परवाना कशावरून नाकारता येतो ते सांगितलं आहे. माणसाकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्या एका कारणानं नाकारता येत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. नाकारताना अधिकाऱ्यानं कारणं लेखी नोंदवायची असतात, आणि अर्जदारानं मागितली तर त्यांचा थोडक्यात गोषवारा त्याला द्यायचा असतो. सार्वजनिक हिताला बाध येईल असं वाटलं तरच तो रोखता येतो. पुढे कलम 18 मध्ये अपील आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, 30 दिवसांत. उशीर झाला आणि त्याला पटण्यासारखं कारण असलं तर अपील दाखल होऊ शकतं, पण त्या भरवशावर बसू नये. अपिलासोबत, मिळाला असेल तर, तो कारणांचा कागद जोडायचा असतो.

"म्हणान आधी कारण लेखी माग," भाऊ म्हणाले. "आणि ह्या पाकीट फेकू नको. तेच्यावर तारीख आसा."

तिकीट रद्द झालं. अर्ज गेला. कारणांचा कागद आला तो अर्ध्या पानाचा होता. अर्जदार आणि लगतचे खातेदार यांच्यात हद्दीच्या गडग्यावरून जुना वाद आहे. 2022 मध्ये अर्जदारानं लगतच्या वयोवृद्ध खातेदारावर कोयती उगारली, त्यावरून प्रतिबंधक कारवाई होऊन तहसीलदारांसमोर शांतता राखण्याचा एक वर्षाचा मुचलका घेण्यात आला. वाद अद्याप मिटलेला नाही. अशा स्थितीत शस्त्र दिल्यास शांततेस बाधा येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

लगतचे वयोवृद्ध खातेदार म्हणजे बापूकाका. आबांचे चुलतभाऊ.

तालुक्याच्या वकिलाला कागद वाचून आनंद झाला. मुचलका असेल तर शस्त्र बाळगायला कायद्यानं मनाई आहे खरी, पण ती मुचलक्याच्या मुदतीपुरती. कलम 9 तसं स्पष्ट म्हणतं. मुदत कधीच संपली. मुद्दा पक्का आहे, त्यानं सांगितलं. तात्या खुशीत अपिलाचा मसुदा घेऊन भाऊंकडे आला.

भाऊंना मुद्दा मान्य होता. तरी त्यांनी तात्याच्या हातात पेन्सिल दिली आणि कारणांचा कागद मोठ्यानं वाचायला लावला. प्रत्येक ओळीपुढे खरं की खोटं ते लिहायचं.

गडग्यावरून जुना वाद. तात्यानं लिहिलं, खरं. कोयती उगारली. बराच वेळ पेन्सिल हलली नाही, मग लिहिलं, खरं. वाद मिटलेला नाही. मागच्याच महिन्यात माडाचं चुडत बापूकाकांच्या परड्यात पडलं, तेव्हा काय काय बोललं गेलं ते सगळ्या वाडीनं ऐकलं होतं. खरं. शेवटची ओळ आली तेव्हा तात्या उसळला. "ह्या खोटा! मी काय बापूकाकांवर बंदूक रोखतलंय?"

"रोखशी म्हणान मी म्हणणंय नाय," भाऊ म्हणाले. "पण चौथी ओळ तुझा मत आणि पयल्यो तीन तुझी कबुली. वाचणाऱ्यान खंयच्यावर इश्वास ठेवचो?"

तात्या काही बोलला नाही.

"अपील मुदतीत घाल. हक्क सोडू नको. वकिलाचो मुद्दो तेच्यात ऱ्हवांदे. मुचलको संपलो ह्या तो सांगतलो. भांडाण संपला ह्या कोण सांगतलो?"

अपील मुदतीत दाखल झालं. आणि एका सकाळी तात्या गडगा ओलांडून बापूकाकांच्या खळ्यात जाऊन उभा राहिला. म्हातारा सुपारी सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बंदुकेक सही व्हयी म्हणान इलंस."

"होय," तात्या म्हणाला.

या उत्तराची बापूकाकांना अपेक्षा नव्हती. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सही व्हयी, काका. पण आदी गडगो मोजून घेवया. सरकारी मोजणी. खर्च माझो."

"तुझ्या बापाशीक धा वर्सां ह्याच सांगी होतंय."

"आबा नाय आयकाक. मी आयकतंय."

"आणि मोजणी तुझ्या उलटी इली तर?"

तात्यानं हा विचार केला नव्हता. उभ्या उभ्या केला. "तर गडगो मागे घेतलंय."

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरली. तिथेही वेळ लागला, पण आता तात्याला वेळ कसा मोजायचा ते कळलं होतं. त्यानं पोच घेतली आणि मोजणीची तारीख लेखी मागून घेतली. भूमापक येऊन खुणा करून गेला. गडग्याचं खालचं टोक बरोबर होतं. वरच्या टोकाला मात्र आबांनी रचलेले दगड दोन हात बापूकाकांच्या हद्दीत होते. दोन हात जमीन, त्यात एक काजूचं झाड. तात्याच्या बायकोनं त्या झाडाकडे पाहिलं आणि घरात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तात्या दगड काढू लागला. बापूकाका दोन दिवस पडवीतून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी पहार घेऊन आले. "पायो खोल घे. नायतर पयल्या पावसात ढासळतलो, मगे परत माझ्या नावान बोंब मारशी." दोघांनी मिळून पाया खोल घेतला.

पोलीस ठाण्यात बापूकाकांनी जबाब दिला. त्यात त्यांनी एकही शब्द वाढवला नाही. कोयतीची गोष्ट खरी आहे. गडग्याचं भांडण होतं, मोजणी होऊन ते मिटलं. डुकरं माझंही भात खातात. पुतण्याला परवाना दिला तर मला भय वाटत नाही. तात्याला वाटलं होतं, कोयतीची गोष्ट ते गाळतील. ती गाळली असती तर बाकीच्या जबाबावर कुणी विश्वास ठेवला नसता, हे त्याला नंतर भाऊंनी सांगितलं.

अपिलकर्त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही. तशी नोटीस आली. तात्या रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसनं पनवेलला उतरला, लोकलनं बेलापूरला गेला आणि कोकण भवनातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. त्याच्या आधीची प्रकरणं चालली होती. एक जण आपल्या खानदानाबद्दल बोलत होता, दुसरा आपल्या ओळखींबद्दल. दोघांनाही नाकारण्याचं कारण काय होतं, ते ऐकणाऱ्या तात्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याची पाळी आली. वकिलानं मुचलक्याच्या मुदतीचा मुद्दा मांडला. अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला आणि तात्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे?"

तात्यानं मोजणीचा नकाशा पुढे ठेवला, जबाबाची प्रत ठेवली, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा ठेवला. मग म्हणाला, "साहेब, पोलिसांनी अहवाल लिहिला तेव्हा तो खरा होता. आता तो खरा राहिलेला नाही."

वकील थोडा अस्वस्थ झाला. आपलाच पक्षकार विरुद्ध बाजूचा अहवाल खरा म्हणतो, हे त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी मात्र नकाशा उलगडून बराच वेळ पाहिला.

नामंजुरीचा आदेश रद्द झाला. परवाना हातात मिळाला नाही. नवा पोलीस अहवाल मागवून, बदललेली परिस्थिती लक्षात घेऊन पुन्हा निर्णय घ्यावा, असं सांगून प्रकरण परत जिल्ह्याला आलं. वाडीत काहींनी कपाळाला हात लावला: झालं, परत पहिल्यापासून! तात्याला तसं वाटलं नाही. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन तारखांना खूण केली. पोलीस अहवालाची मुदत उलटताच त्याचं पत्र कार्यालयात पोचलं. अहवाल विहित मुदतीत न आल्यास त्यासाठी आणखी न थांबता निर्णय घेण्याची मुभा कलम 13 अधिकाऱ्याला देतं, तेवढंच त्यात लिहिलं होतं. थोड्याच दिवसांत अहवाल आला. त्यानंतर परवानाही आला. 2019 च्या दुरुस्तीनंतर आता तो पाच वर्षांचा असतो.

भाऊंना आनंद झाला, पण त्यांनी कचेरीलाही सोडलं नाही. आपल्या सगळ्या नोकरीची साक्ष काढून ते म्हणाले की एका ओळीत नाही म्हणणारा माणूस स्वतःचं काम वाचवतो आणि दुसऱ्याचं वर्ष खातो. ते अर्ध्या पानाचं कारण पहिल्याच आदेशासोबत आलं असतं, आणि तो आदेश वर्षभर आधी निघाला असता, तर गडगाही वर्षभर आधी हलला असता. कारण सांगितलंच नाही तर माणसानं खोडून काय काढायचं आणि सुधारायचं तरी काय?

पुढच्या आश्विनात बापूकाकांनीच एका रात्री गडग्यापलीकडून हाक मारली, "तात्या, इले रे!" एक बार निघाला. दोघांचंही भात वाचलं.

आता शेजारच्या गावांतले लोक तात्याकडे येतात. कुणाचा वारसाचा अर्ज पडून आहे, कुणाच्या नूतनीकरणाला उशीर झाला आहे, कुणाला नकार आला आहे. बहुतेकांना एकच हवं असतं: बेलापूरला तुझी ओळख कोणाशी आहे त्याचं नाव सांग. परवा एक जण असाच आला आणि अर्धा तास कचेरीच्या नावानं बोटं मोडत बसला. तात्यानं त्याला तीन गोष्टी विचारल्या.

"अर्जाची पोच आसा?"

होती.

"नाकारल्याचा कारण लेखी मागलंस?"

मागितलं होतं. कागद खिशातच होता, चौघडी केलेला.

"मगे तो वाचलंस?"

"वाचूचा काय तेच्यात? सगळा खोटा लिवल्यानी हत."

तात्यानं घरातून पेन्सिल आणून त्याच्या हातात दिली.

तात्पर्य: नकाराचं कारण लेखी मागणं हा आपला हक्क आहे, तो मुदतीत बजावावा. हातात आलेलं कारण खोटं असेल तर पुराव्यानिशी खोडावं, आणि खरं असेल तर सुनावणीची तारीख येण्याआधी ते दूर करावं.